पुलाअलीकडे उभी केलेली गाडी

१

पेटीचं झाकण उघडलं आणि लॉर्ना चार्लटनचा हात तिथेच थांबला. आत एकही कुपी नव्हती.

पलीकडच्या खोलीत म्हातारा कथबर्ट रॉब्सन कण्हत होता. सकाळी लॉर्ना येऊन गेली तेव्हा तो उशीला टेकून तिच्या नव्या बुटांची थट्टा करत होता. आता दुपार कलली होती आणि त्याच्या तोंडून निघणारा आवाज ऐकवत नव्हता. अखेरच्या दिवसांतल्या रुग्णाच्या घरी मॉर्फिनच्या कुप्या एका पेटीत आणून ठेवतात. दुखणं उसळलं की नर्सने यायचं आणि टोचायचं. सकाळी लॉर्नाने स्वतःच्या डोळ्यांनी त्या कुप्या पाहिल्या होत्या.

"नॅन्सी, या पेटीला कुणी हात लावला का?"

"कोण लावणार, पोरी?" कथबर्टची बायको दारातच उभी राहिली. "मी आणि तू. तिसरं माणूस आज या घरात आलेलं नाही."

"तू कुठे बाहेर गेली होतीस?"

"मागे कोंबड्यांकडे. तेवढंच."

"दार उघडं होतं?"

"आपल्या दरीत दाराला कुलूप कधी होतं गं?" नॅन्सीचा आवाज चिरका झाला. "ते सगळं राहू दे. त्याला काहीतरी दे आधी!"

द्यायला काहीच नव्हतं. शहरातल्या इस्पितळातून नवं औषध यायचं तर खालच्या रॉथबरी गावापर्यंतचा सगळा रस्ता गोठलेला. गाडी येईपर्यंत अंधार पडला. तोवर लॉर्ना कथबर्टचा हात धरून बसली होती. त्याने तो इतका आवळला होता की तिच्या बोटांवर वळ उठले. औषध मिळाल्यावर तो निवला, पण पुन्हा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

अंत्यविधीच्या आधीच दवाखान्याचा व्यवस्थापक गॅव्हिन टेट याने तिला खोलीत बोलावलं. मागच्याच आठवड्यात वरच्या शेतावरच्या रिडलीच्या पेटीतही दोन कुप्या कमी भरल्या होत्या. तेव्हा मोजण्यात चूक झाली असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. आता कुणी सोडणार नव्हतं.

"नॅन्सी म्हणते, घरात ती आणि तू, दोघीच होतात," गॅव्हिन तिच्याकडे न बघता म्हणाला. "रिडलीकडेही तूच जात होतीस. लॉर्ना, तुझी बॅग टेबलावर ठेव. चौकशी होईपर्यंत घरी बस."

२

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. लॉर्नाला वाटलं, पोलीस आले. बाहेर एक साठीची, रुंद खांद्यांची बाई एका पायावर भार देऊन उभी होती.

"एडविना हेस्लप. विमा कंपनीकडून आलेय. तुमच्या अपघाताबद्दल."

लॉर्नाला हसू की रडू असं झालं. तो अपघात ती विसरूनही गेली होती. नाताळाच्या आधी बाजारातल्या गाडीतळावर नील पर्विस नावाच्या गिलावा करणाऱ्या माणसाने आपली व्हॅन मागे घेता घेता तिच्या जुन्या हिरव्या गाडीचं दार पार आत घातलं होतं. चूक सर्वस्वी त्याची. गाडी दुरुस्तीला गेली, दार काही मिळेना, आणि तोवर तिला बदली गाडी मिळाली होती. पांढरी, विजेवर चालणारी, चकचकीत.

"चहा ठेवते," लॉर्ना म्हणाली.

"चहा नको. ज्याच्या घरचा चहा प्यायला त्याच्यावर संशय घेणं मला जड जातं." एडविना खुर्चीत बसली. "स्पष्टच सांगते. तुम्ही अजून घरी पोचलाही नव्हतात आणि गाडी देणाऱ्या कंपनीचा तुम्हाला फोन आला. इतकी घाई मला आवडत नाही. काही लोक ठरवून अपघात करतात. तुम्हाला ओळखत होता का हा पर्विस?"

"तोंडही पाहिलं नव्हतं. आणि घाई कंपनीची नव्हती. माझी मैत्रीण मॉयरा तिथेच बाजारात होती. तिने कंपनीला फोन लावून दिला. म्हणाली, चूक तुझी नाही, तुझा हक्क आहे, पायी का फिरतेस. तिच्या गाडीला गेल्या वर्षी लाकडाच्या ट्रकने ठोकलं होतं, म्हणून तिला सगळं ठाऊक."

"गाडी घेऊन कुठे कुठे जाता?"

"रुग्णांची नावं सांगणार नाही. वर शेतांवर जाते, मधल्या गावात जाते. खाली नदीकाठी एक घर आहे, तिथे गाडी जात नाही. लाकडी पुलाअलीकडे गाडी उभी करते आणि पलीकडे चालत जाते."

"गाडीची काही तक्रार?"

"तक्रार कसली! या कडाक्याच्या थंडीत शेजारीपाजारी सकाळी काचेवरचा बर्फ खरवडत असतात. माझी मात्र काच स्वच्छ, आत छान ऊब. दोन-तीनदा झालं असं. नव्या गाड्या शहाण्या असतात, मला काही करावं लागत नाही."

एडविनाने मान वर केली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

संध्याकाळी मॉयरा एलियट आली. हातात डाळीच्या सूपचं भांडं, काखेत पाव. ट्रकच्या अपघातानंतर तिची पाठ कधी सरळ झालीच नाही. फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायचं काम सुटलं, पण दरीत कुणाचं काही बिनसलं की मॉयरा सूप घेऊन हजर. तिच्या आईच्या शेवटच्या महिन्यांत लॉर्नाच त्यांच्याकडे जात होती. दोघींची मैत्री तेव्हाची.

"खा आधी," मॉयरा म्हणाली. "तो गॅव्हिन मूर्ख आहे. तू आणि चोरी! सगळी दरी तुझ्या बाजूने बोलेल."

"नॅन्सी नाही बोलणार. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

पावाचा तुकडा मॉयराने उगाच मोडला. मग म्हणाली, "आता तुझ्या पेशंटांचं कोण बघणार? सेप्टिमस फेनविकसारखा एकटा माणूस... वाईट वाटतं गं."

लॉर्नाचं लक्ष नव्हतं. ओठांवर बसलेलं उत्तर आपसूक बाहेर आलं. "पेशंटांचं मी बोलत नाही, माहीत आहे ना तुला."

"हो, हो. राहिलं," मॉयरा म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा हात थरथरत होता. लॉर्नाला वाटलं, थंडीने.

३

एडविनाने सगळ्यांना बाजारातल्या गाडीतळावर बोलावलं. पर्विस व्हॅन घेऊन आला. बदली गाडी देणाऱ्या कंपनीचा क्रेग लिशमनही आला. हा तोंडाने फटकळ, बिनटोपीचा तरुण. अपघाताच्या वेळी आपली गाडी होती तिथेच लॉर्नाने ही पांढरी गाडी उभी केली.

"पुन्हा एकदा मागे घ्या," एडविना पर्विसला म्हणाली.

"कितीदा? पहिल्या दिवसापासून सांगतोय, माझी चूक. आरशात बघितलं नाही. बायकोशी फोनवर भांडत होतो."

"इतक्या लगेच चूक कबूल करणारी माणसं मला फार कमी भेटतात."

"मग काय, खोटं बोलू? माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत ही बाई घरी येऊन—" पर्विस अडखळला. "नाही, ही नव्हती. पण नर्सच होती. नर्सची गाडी ठोकली म्हणून घरी अजून माझ्याशी कुणी धड बोलत नाही."

एडविना क्रेगकडे वळली. "आणि तुम्ही. या बाईंनी छोटी गाडी मागितली असताना ही का दिली?"

"जवळ तीच उभी होती. काय बिघडलं? चांगली गाडी आहे. पूर्वीही या दरीत राहून गेलीय, रस्ते तिला पाठ आहेत." क्रेगने बॉनेटवर थाप मारली.

"कुणाकडे होती?"

"ते सांगता येत नाही. गिऱ्हाइकांची नावं सांगितली तर नोकरी जाईल. तुमच्या या वळणांवर दर हिवाळ्यात आमच्या पाच-सहा गाड्या येतात, मी कुणाकुणाची नावं लक्षात ठेवू?"

"गाडी दुसऱ्याला देताना काय काय करता?"

"धुतो. चार्ज करतो. ओरखडे बघतो. अजून काय करायचं?"

त्याच वेळी समोरून गॅव्हिन टेट आला. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि तो सरळ लॉर्नाकडे बोट करत आला.

"आज सकाळी कुठे होतीस?"

"घरी."

"एकटी?"

"एकटी. का?"

"सेप्टिमस फेनविकचं घर कुणीतरी उलटंपालटं केलंय," गॅव्हिन म्हणाला. "आणि चोर औषधं शोधत होता."

४

फेनविकचं घर नदीकाठी, लाकडी पुलाच्या अलीकडे होतं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्यात म्हाताऱ्याचं आयुष्य गेलं. आता ऐंशी पार केलेला हा उंच माणूस स्वयंपाकघराच्या मध्यभागी रागाने थरथरत उभा होता.

"मी सकाळी चर्चमध्ये गेलो, आलो तर हे!"

फ्रिज सताड उघडा. न्हाणीघरातलं कपाट रिकामं करून टाकलेलं, दाढीचं सामान फरशीवर. पलंगाशेजारचे खण ओढलेले, गादी उचललेली. दिवाणखान्यात मात्र कशालाही हात लागला नव्हता. चांदीचं घड्याळ होतं तिथे टिकटिकत होतं.

"तुम्हाला आजार काय आहे?" एडविनाने विचारलं.

"आजार? मला?" फेनविक उखडला. "मी अजूनही दर वर्षी मार्चच्या थंडीपासूनच नदीत पोहायला लागतो, बाई! डॉक्टरचं तोंड बघून वर्षं झाली."

एडविना गॅव्हिनकडे वळली. "तुमच्या यादीत हे आहेत?"

"नाहीत. पण लॉर्नाला आता रुग्णांच्या घरी जाता येत नाही ना, म्हणून तिने दुसरीकडे हात मारला असेल. सवय लागलेल्या माणसाला—"

"ती वेडी आहे का?" एडविना शांतपणे म्हणाली. "ज्या बाईला दरीतलं प्रत्येक दुखणं माहीत आहे, ती दरीतल्या सगळ्यात ठणठणीत म्हाताऱ्याकडे मॉर्फिन शोधायला येईल?"

एडविना लंगडत खिडकीशी गेली. बाहेर फाटकासमोर थोडी मोकळी जागा, पुढे पूल, पुलापलीकडे झाडीत एका घराचं छप्पर.

"लॉर्ना, पुलाअलीकडे गाडी उभी करते म्हणालात. ती कुठे?"

"इथेच. फेनविकच्या फाटकासमोर." लॉर्नाने पुलाकडे बोट दाखवलं. "पलीकडे त्या घरात, आपल्या भाचीकडे, एक बाई—"

"नाव नको. ती बाई तिथे आली कधी?"

"माझं काम थांबायच्या आठवडाभर आधी. रोज जात होते, कधी दोनदा. इस्पितळातून परस्पर तिथे आणलं. गावात फारसं कुणाला माहीत नाही."

"म्हणजे आठवडाभर तुमची गाडी रोज, काही दिवशी दोनदा, या म्हाताऱ्याच्या दारात उभी होती." एडविना भिंतीला टेकली. "मग आता बघा. चोराकडे रुग्णांची यादी असती तर तो पूल ओलांडून गेला असता. म्हणून गॅव्हिन सुटले, दवाखान्यातले सगळे सुटले आणि तुम्हीही सुटलात. चोर तुमच्या मागे मागे आला असता तर तुम्ही गाडीतून उतरून पूल ओलांडताना त्याला दिसला असतात. तेही झालं नाही. चोराला तुम्ही दिसतच नव्हतात, लॉर्ना. त्याला फक्त गाडी दिसत होती."

फेनविकने हळूच खुर्ची पुढे ओढली आणि लॉर्नाला बसवलं.

"चोऱ्या कधी सुरू झाल्या?" एडविनाने विचारलं.

"ही गाडी आल्यावर," लॉर्ना म्हणाली.

घरी येताच तिने मॉयराला फोन लावला. किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला होता, आणि हे सांगायला दुसरं कोण होतं?

"मॉयरा, सुटले गं मी! ती हेस्लपबाई भलती हुशार आहे. चोर कुठून तरी माझी गाडी बघतोय, तिने ओळखलं. उद्या गाडी उघडून तपासणार आहेत. आता तो सापडलाच म्हण."

पलीकडून काही आवाज आला नाही.

"मॉयरा?"

"ऐकतेय," मॉयरा म्हणाली. "बरं झालं. खरंच बरं झालं, लॉर्ना." आणि फोन ठेवला.

५

सकाळी क्रेगने लॉर्नाच्या अंगणात गाडीचा पार खालपर्यंत शोध घेतला. सीट उचलून बघितल्या, चाकांच्या वर हात घातला, पोटाखाली आडवा होऊन बघितलं.

"काही नाही," तो उठत म्हणाला. "गाडी कुठे आहे ते कळवणारं आमचं यंत्र तेवढं आहे, आणि त्याला सील आहे. त्याच्यावरचं फक्त मुख्य कचेरीत दिसतं. मलाही दिसत नाही. तुमचा तर्क चुकला, बाई."

एडविना उत्तर न देता गाडीच्या काचेकडे बघत होती. शेजारच्या गाडीवर जाड बर्फ होता. या गाडीवरही होता.

"आज का गोठली ही?" तिने विचारलं.

"आज ऊब लावली नाही कुणी," क्रेग सहज म्हणाला. "आपण होऊन नाही होत ते. घरातून निघण्याआधी फोनवरून सांगावं लागतं."

"कुणाच्या फोनवरून?"

"ज्याने गाडीशी फोन जोडलाय त्याच्या. ॲप असतं. त्यावर गाडी कुठे उभी आहे ते दिसतं, कुलूप लावता येतं, आत—" क्रेग थांबला.

"लॉर्ना," एडविना म्हणाली, "तुम्ही फोन जोडला होतात?"

"मला कुठे जमतं ते? नाही."

"तरी सकाळी गाडी उबदार असायची. म्हणजे कुणीतरी फोनवरून सांगत होतं. क्रेग, आधीच्या माणसाचा फोन गाडीतून काढून टाकला होतात?"

क्रेग गाडीत बसला, पडद्यावर बोटं चालवली.

"धुतली, चार्ज केली..." तो पुटपुटला. "हे राहिलं."

"नाव सांगा."

"नोकरी जाईल माझी."

"मग सांगू नका. मला वाटतं, लॉर्नालाच ते माहीत आहे." एडविना तिच्याजवळ आली. आता तिचा आवाज मऊ होता, आणि त्यानेच लॉर्नाला जास्त भीती वाटली. "तुम्हाला या दरीत असं कुणी भेटलं का, जे फेनविक आजारी आहे असं धरून चाललं होतं? त्याचं घर फुटायच्या आधी? त्याला आजारी समजायला एकच कारण होतं, दारातली तुमची गाडी. आणि पुलाजवळून रोज जाणारं माणूस तुम्हाला चालत जाताना पाहील. हे माणूस तिथे जात नव्हतं, घरी बसून बघत होतं."

लॉर्नाला सूपचा वास आठवला. मोडलेला पाव आठवला. पाठीवरून फिरणारा, थरथरणारा हात आठवला.

मॉयराची पाठ. डॉक्टरांनी गोळ्या कमी करत आणलेल्या, आणि मग बंद केलेल्या. 'आता बरी आहे गं मी,' असं ती म्हणायची तेव्हा डोळ्यांकडे बघायचं लॉर्नाने का टाळलं होतं? पेटीत काय असतं, ती कुठल्या दिवसांत येते, हे मॉयराला आईच्या आजारपणात कळलेलं. आणि गेल्या वर्षीच्या अपघातानंतर तिलाही याच कंपनीची बदली गाडी मिळालेली.

"मॉयरा," ती म्हणाली. मग एकदम ताठ झाली. "काल मी तिला फोन केला. सगळं सांगितलं मी तिला."

एडविनाने तिच्याकडे पाहिलं. "काय म्हणाली ती?"

"बरं झालं म्हणाली."

लॉर्ना गाडीकडे धावली.

६

मॉयराच्या घराच्या पुढच्या दाराला आतून कडी होती. दरीत पहिल्यांदाच लॉर्ना कुणाच्या बंद दारासमोर उभी होती. तिने हाका मारल्या, खिडकीवर मुठी आपटल्या. क्रेगने मागच्या दाराची काच कोपराने फोडली.

मॉयरा स्वयंपाकघरात खुर्चीशेजारी फरशीवर पडली होती. ओठ निळे. टेबलावर फोडलेल्या कुप्या, सुई आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट. लॉर्नाने गालाला हात लावला. कातडी थंड, घामट. बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. छाती हलत नव्हती. मानेवर बोट ठेवलं तर आत कुठेतरी नाडी होती, पुसट.

"रुग्णवाहिका!" ती ओरडली. "मॉर्फिन म्हणून सांगा! उतारा घेऊन या म्हणावं!"

तो उतारा तिच्या बॅगेत असायचा. बॅग गॅव्हिनच्या कपाटात होती.

एडविना फोनवर बोलत होती. "हेलिकॉप्टर पाठवतायत. धुकं आहे, वेळ लागेल म्हणतात."

लॉर्नाने मॉयराचं डोकं मागे कलतं केलं, नाक दाबलं आणि तिच्या तोंडात श्वास फुंकला. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा फुंकला. थांबून बघितलं. छाती आपण होऊन उठत नव्हती. पुन्हा.

त्या लयीत कथबर्टचं ओरडणं परत कानात घुमायला लागलं. ते या बाईमुळे झालं होतं. तिच्या अंगात या क्षणी जे मॉर्फिन होतं ते त्या म्हाताऱ्याच्या शरीरात असायला हवं होतं. लॉर्ना थांबली तर मॉयरा संपली असती, आणि जगात कुणी लॉर्नाला दोष दिला नसता. हा विचार आला, आणि तरी तिने पुढचा श्वास फुंकला. आणि पुढचा.

"मी घेऊ का आता?" क्रेगने विचारलं. तो रडत होता.

"नाही. दाराबाहेर उभा राहा. हेलिकॉप्टर आलं की हात दाखव."

तिला गरगरायला लागलं होतं. एडविना दुखऱ्या पायासकट फरशीवर बसली आणि मॉयराचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. फक्त लॉर्नाचा श्वास आणि मॉयराच्या छातीचं उठणं. धुक्यातून पंख्यांचा आवाज आला तेव्हा लॉर्नाला तो आधी खरा वाटेना.

उतारा टोचला गेला. सगळे बघत राहिले. मग मॉयराच्या घशातून एक घरघर निघाली, एक खोल, ओरबाडणारा श्वास तिने आत ओढला, आणि तिचे डोळे उघडले.

"तू का आलीस?" ती लॉर्नाला म्हणाली.

"गप्प पड."

"गाडी परत दिली तरी फोनवर दिसत राहिली. पहिल्यांदा नुसती गंमत वाटली. सकाळी थंडी असायची, तुला काच खरवडावी लागू नये म्हणून ऊब लावायची मी. देवाशपथ, तेवढंच करत होते. मग पाठ... मग रिडलींच्या घरी तू रोज थांबायला लागलीस." तिचे डोळे भरले. "कथबर्टला इतकं होईल असं वाटलं नव्हतं गं. त्याला पुरेल एवढं मागे उरेल असं वाटलं होतं."

"तू सगळंच घेतलंस, मॉयरा," लॉर्ना म्हणाली.

मॉयराने तोंड फिरवलं. स्ट्रेचर दारातून बाहेर गेलं.

७

गॅव्हिन बॅग घेऊन लॉर्नाच्या घरी आला, दारातच उभा राहून चुकलो म्हणाला, आणि तिने आत ये म्हणण्याची वाट बघत राहिला. तिने म्हटलं नाही. एडविनाने आपल्या कंपनीला कळवलं, अपघात खरा होता. क्रेगची नोकरी गेली नाही. नाव त्याने कधी सांगितलंच नव्हतं. पोलिसांनी इस्पितळात मॉयराचा जबाब घेतला. तिने काहीही लपवलं नाही.

कामावर परत जाण्याच्या आदल्या दिवशी लॉर्ना चढण चढून रॉब्सनांच्या घरी गेली. नॅन्सी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार दुरुस्त करत होती. ते काम कथबर्टचं होतं, आणि तिला ते जमत नव्हतं. लॉर्नाला पाहून तिने हातोडी खाली ठेवली.

"मी तुझ्याकडे पाहिलं नाही त्या दिवशी," नॅन्सी म्हणाली. "तूच केलंस असं वाटलं मला. इतकी वर्षं ओळखते तुला, आणि तरी."

"मीही तेच केलं असतं."

"नसतं केलंस." नॅन्सीने एप्रनला हात पुसले. "ऐकलं मी सगळं. तिला श्वास दिलास म्हणतात. कथबर्टला जिने तसं तडफडत ठेवलं तिला."

लॉर्नाने मान हलवली. यासाठीच ती आली होती. "मला वाटलं, हे तुला माझ्या तोंडून कळायला हवं. तुला राग आला तर तो माझ्यावर काढ."

नॅन्सीने खालच्या दरीकडे पाहिलं. एक कोंबडी तिच्या पायांत घुटमळत होती.

"जगेल ती?"

"जगेल. औषधं सोडवायला लांब ठेवणार आहेत तिला. मग कोर्ट."

"चांगलं झालं, जगली ते," नॅन्सी म्हणाली. "पण तिला माफ कर असं मला सांगू नकोस. आज नको, पुढेही नको. वाटलं तर माझं मी करेन, नाही तर नाही करणार."

"नाही सांगणार."

"बरं." नॅन्सीने वाकून खिळ्यांचा डबा उचलला आणि तिच्यापुढे धरला. "मग उभी का राहिलीस? ती फळी धर. तिरकी जातेय माझी."

लॉर्नाने कोट काढून कुंपणावर टाकला आणि फळी धरली.